आधी ग्रुपिंग, मग लेन्स

आपल्या फोटोग्राफी क्लबमध्ये या सत्रात एकच विषय गाजतो आहे. क्लबच्या पैशातून नवी टेलिफोटो लेन्स घ्यायची की नाही? बहुतेक कॅडेट 'घ्यायचीच' म्हणतात. माझे मत वेगळे आहे. यंदा ते पैसे फोटोंच्या प्रिंट काढण्यासाठी आणि त्या लावायला एका मोठ्या बोर्डसाठी वापरावेत.

कारण सांगण्याआधी सर्वांना फायरिंग रेंजची आठवण करून देतो. पॉइंट टू-टू रायफलने पाच राउंड फायर केले की आपण टार्गेटपर्यंत चालत जातो. गोळी मध्यावर लागली का, हे उस्ताद सुरुवातीला विचारतच नाहीत. पाचही गोळ्या एकमेकींजवळ लागल्या का, हे ते पाहतात. पाच छिद्रे एका जागी पण डावीकडे असली, तर साइट सुधारता येते. ती पाच दिशांना असली, तर रायफल बदलून काही होत नाही. रायफलची पकड, श्वास आणि ट्रिगर दाबण्याची पद्धत सुधारावी लागते. यालाच आपण ग्रुपिंग म्हणतो आणि ते जमेपर्यंत पुढचे शिकवले जात नाही.

फोटोग्राफीत मात्र आपण टार्गेटपर्यंत कधी चालतच जात नाही. स्पोर्ट्स डेच्या दिवशी शेकडो फोटो निघतात आणि क्लबच्या कॉम्प्युटरवर जातात. त्यातले आठ-दहा मासिकासाठी निवडले जातात. बाकीचे फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. फोटो का जमला किंवा का फसला, हे कोणी विचारत नाही. मग पुढच्या वर्षी तसेच शेकडो फोटो निघतात. याला सराव कसे म्हणायचे?

होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. स्वातंत्र्याच्या वेळचे दिल्लीतले अनेक प्रसंग आज आपण त्यांच्या फोटोंतून पाहतो. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर फक्त १२ फोटो येत. बारा संपले की रोल बदलायचा आणि तोवर समोरचा प्रसंग थांबत नसे. म्हणून बटण दाबण्याआधी नीट पाहावेच लागे. आज कार्डवर हजारो फोटो मावतात ही सोय चांगली आहे. पण त्यामुळे पाहण्याचे काम आपण कॅमेऱ्यावर सोडून दिले आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक सदस्याला महिन्याला ३६ फोटो मिळावेत. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मोठ्या रोलवर साधारण तेवढेच येत. त्यातला एक फोटो त्याने स्वतः निवडावा. त्याची प्रिंट काढून, खाली नाव न लिहिता, बोर्डवर लावावी. मग क्लब पिरियडमध्ये सर्वांनी त्या फोटोला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, प्रकाश कुठून येतो? दुपारी बाराच्या उन्हात परेडचा फोटो काढला तर पीक कॅपची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. सगळे चेहरे सारखेच दिसतात. तीच परेड सकाळी सूर्य खाली असताना टिपली तर प्रकाश कॅपखाली शिरतो आणि चेहरा दिसतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही. सकाळच्या रिहर्सलला कॅमेरा न्यावा लागतो, एवढेच.

दुसरा प्रश्न, पाठीमागे काय आहे? सलामी देणाऱ्या कॅडेटच्या डोक्यातून झेंड्याचा खांब उगवलेला फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन पावले बाजूला सरकले किंवा एका गुडघ्यावर बसले की खांब बाजूला जातो.

तिसरा प्रश्न, हाच क्षण का? मार्चमध्ये हात पूर्ण वर गेलेला असतो तो क्षण फार लहान असतो. तो पकडायचा तर थोडे गणित हवे. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ आणि आयएसओ १०० ठेवले, तर शटर स्पीड साधारण सेकंदाचा शंभरावा भाग येतो. तेवढ्यात झुलणारा हात अस्पष्ट होऊ शकतो. अ‍ॅपर्चर उघडून एफ ८ केले तर चौपट प्रकाश आत येतो, म्हणून शटर सेकंदाच्या चारशेव्या भागावर नेता येतो आणि हात स्थिर दिसतो. हे सगळे आपल्या जुन्या कॅमेऱ्यात आहे. पण तो बहुतेक वेळ 'ऑटो'वर असतो.

चांगला फोटो वाचायचाही सराव हवा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात झालेल्या शरणागतीचा फोटो प्रत्येक कॅडेटला पाठ आहे. लेफ्टनंट जनरल नियाझी सही करत आहेत, शेजारी लेफ्टनंट जनरल अरोरा बसले आहेत आणि मागे अधिकारी उभे आहेत. पण आपली नजर फिरून फिरून त्या कागदावर का जाते, हा प्रश्न आपण कधी विचारला का? बसलेल्या दोघांचेही लक्ष तिथेच आहे आणि आपली नजर त्यांच्या मागोमाग जाते. असे एकदा कळले की बक्षीस समारंभातही कोण कुठे बघतो आहे, हे आपण पाहायला लागतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, लेन्सशिवाय काही फोटो निघतच नाहीत. हे खरे आहे. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी किंवा मैदानाच्या पलीकडचा गोलकीपर आपल्या १८-५५ लेन्समध्ये ठिपक्याएवढा येतो. लेन्स पुढच्या वर्षी जरूर घ्यावी. पण तोवर ती वापरणारे डोळे तयार असावेत. दुसरा आक्षेप असा की बोर्डवर टीका झाली तर ज्युनियर नाउमेद होतील. म्हणूनच नाव न लिहिण्याचा नियम सुचवला आहे. आणि सहावीचा कॅडेट रेंजवर सर्वांसमोर आपले टार्गेट दाखवतो, तर तो फोटोही दाखवू शकेल.

पालकांनाही एक विनंती आहे. सत्रात आमच्याकडे मोबाईल नसतो, त्यामुळे सुट्टीत घरी आल्यावर आम्ही दिसेल त्याचे फोटो काढतो. त्यासाठी महागडा कॅमेरा घेऊन देण्याची घाई करू नका. फोटो दाखवला की 'छान आहे' एवढेच म्हणून थांबू नका. 'हा का काढलास?' असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकायला मिळते ते कौतुकातून मिळत नाही.

हा वाद फक्त पैशांचा नाही. आपण सहावीत येतो आणि बारावी करून जातो. या सात वर्षांचे फोटो म्हणून आपल्या मासिकात काय उरते? दीपप्रज्वलन, कप घेणारा हात आणि हाउसचा ग्रुप फोटो. पहाटे पीटीच्या आधी मेसमध्ये चहा उकळणारे भैया, परेडच्या आदल्या रात्री रांगेत मांडलेले पॉलिश केलेले बूट, पहिल्या रविवारी घरी फोन करायला रांगेत उभे असलेले सहावीचे कॅडेट यात कुठेच नाहीत. यातल्या एकाही फोटोला टेलिफोटो लेन्स लागत नाही. जवळ जाऊन, परवानगी घेऊन, थांबून पाहावे लागते.

पुढच्या क्लब पिरियडला मी हा प्रस्ताव इन्चार्ज सरांसमोर मांडणार आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी विरोधात जरूर बोलावे. फक्त येताना स्वतः काढलेल्या एका फोटोची प्रिंट घेऊन यावे. चर्चा त्या फोटोपासूनच सुरू करू.