हात लावण्यापूर्वीं

मार्केट यार्डांतील गूळ-भुसार विभागांत अथवा फळबाजारांत फिरून पाहिल्यास, हिशेबाच्या वह्यांची जागा बहुतेक गाळ्यांत संगणकानें घेतल्याचें दिसून येतें. शेतकऱ्याच्या मालाचें वजन, भाव व खर्च यांची नोंद होऊन त्याच्या हातीं पडणारी पट्टी याच यंत्रांतून निघते. असें यंत्र अडलें, म्हणजे घरांतील शाळकरी मुलास हाक मारण्याची चाल पडली आहे. मुलगा झांकण उघडतो, धूळ झटकतो, रॅम काढून तिचीं सोनेरी टोकें खोडरबरानें घासतो आणि ती पुन्हा बसवितो. यंत्र चालूं होतें व मुलाची वाहवा होते. मुलांच्या या हौसेस बंदी करावी, असें कित्येक पालकांस वाटतें. आमचें मत तसें नाहीं. मुलांनीं यंत्र अवश्य उघडावें. मात्र तत्पूर्वीं आपल्या हातांस शिस्त लावावी. ही शिस्त स्थिर विद्युतेसंबंधींची आहे.

कोरड्या हवेंत केंसांवरून प्लास्टिकची फणी फिरविली असतां कागदाचे कपटे तिला चिकटतात, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. दोन पदार्थ एकमेकांस लागून दूर झाले, म्हणजे एकावरील इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात व दोहोंवर विद्युद्भार सांचतो. यार्डांत प्लास्टिकचीं पोतीं, क्रेट आणि पॉलिथिनच्या पिशव्या यांस तोटा नाहीं. हवेंतील आर्द्रता 10 ते 20 टक्के असतां मेजावरून पॉलिथिनची पिशवी उचलली, तर 20,000 व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊं शकतो. आर्द्रता 65 ते 90 टक्के असल्यास तोच सुमारें 1,200 व्होल्ट होतो. पुण्यांतील मार्च-एप्रिलची कोरडी दुपार आणि श्रावणांतील दमट सकाळ यांतील भेद यावरून ध्यानीं येईल.

येथें कोणी म्हणतील, "आम्ही वर्षानुवर्षें असेंच काम करीत आलों, कधीं कांहीं झालें नाहीं." हा युक्तिवाद फसवा आहे. ठिणगीचा चटका मनुष्यास जाणवावयास सुमारें 3,000 व्होल्ट लागतात; परंतु संगणकांतील कित्येक नाजूक भाग 100 व्होल्टांच्या आंतहि दुखावतात. चिपमधील विद्युद्रोधक थर केंसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनहि पातळ असूं शकतो. त्यास छिद्र पडावयास क्षणहि लागत नाहीं. तात्पर्य, जी ठिणगी आपणांस कळलीच नाहीं, तीहि घातक ठरते. शिवाय दुखावलेला भाग तत्काळ बंद पडतोच असें नाहीं. कधीं तो अर्धमेल्या स्थितींत चालत राहतो आणि कांहीं आठवड्यांनीं, ऐन हंगामांत, दगा देतो. मग दोष कंपनीच्या मालास, विजेच्या चढउतारास किंवा नशिबास दिला जातो, आणि खरें कारण शोधण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

उपाय सोपे आहेत. प्रथम यंत्र बंद करून भिंतीवरील प्लग काढावा. नंतर पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस हात लावावा, व काम चालूं असतां तो वरचेवर लावीत जावा, म्हणजे हात व यंत्र एकाच विद्युत्पातळीवर राहतात. याहून उत्तम साधन म्हणजे मनगटपट्टा. त्याची तार चिमट्यानें त्याच धातूस जोडावी. तिच्यांत दहा लाख ओहमचा रोध बसविलेला असतो. त्यायोगें भार सावकाश वाहून जातो. बिनतारी पट्टेहि विकले जातात, परंतु त्यांवर भिस्त ठेवूं नये. भारास जावयास वाटच नसेल, तर तो जाणार कोठें? रॅम केवळ कडांनीं धरावी. खोडरबराच्या घर्षणानेंहि भार उत्पन्न होतो, म्हणून टोकें आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावीं. सुटा भाग ज्या चंदेरी पिशवींत आला असेल, तिच्या आंतच ठेवावा. साध्या पॉलिथिनमध्यें ठेवूं नये. काम करतांना लोकरी वा नायलॉनच्या कपड्यांऐवजीं सुती कपडे घालावे. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र मुलांनीं कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांत प्राणघातक भार शिल्लक असूं शकतो.

पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलाच्या हातीं पेचकस देतांना एक मनगटपट्टाहि द्यावा. त्याची किंमत नव्या रॅमपुढें कांहींच नाहीं. गाळ्यांतील अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें, कारण प्लगचें तिसरें छिद्र असलें म्हणजे त्यामागें तार जोडलेली असतेच असें नाहीं. आणि विद्यार्थ्यांस आम्ही असें म्हणूं कीं, यंत्र चालूं झालें एवढ्यावर काम चांगलें झालें असें समजूं नका. पहाटे माल घेऊन आलेला शेतकरी पट्टीसाठीं गाळ्यापुढें ताटकळत उभा असतो. दोन महिन्यांपूर्वीं कोणी हात न लावतां धातूस, थेट रॅम काढली, हें त्यास कोण सांगणार? त्याचा खोळंबा टाळणें आज तुमच्या हातीं आहे, आणि त्यास लागतो तो केवळ अर्ध्या मिनिटाचा धीर.