सभेचे पहिले ध्रुपद

डिसेंबरात हजिऱ्यावर तानसेन समारोह भरतो. सकाळी समाधीपाशी सनई, ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा, मिलाद आणि चादर, मग सभा. बाहेरगावचे रसिक येतात ते मोठ्या नावांसाठी, आणि त्यांतले पुष्कळसे पहिली दहा-पंधरा मिनिटे हमखास चुकवतात. आम्हा गावकऱ्यांचा जीव मात्र त्याच दहा-पंधरा मिनिटांत अडकलेला असतो. कारण प्रत्येक सभेचा आरंभ गावातल्या एखाद्या संगीत संस्थेची मुले ध्रुपद गाऊन करतात, आणि त्या मुलांत कोणाचा नातू तर कोणाचा शिष्य बसलेला असतो.

गेल्या काही वर्षांत ग्वाल्हेरचे नाव गाजते आहे. २०२३ साली युनेस्कोने या शहराला संगीतनगरीचा मान दिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला किल्ल्यावर १२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवून जागतिक विक्रम केला. २०२४ साली समारोहाचा शंभरावा सोहळा झाला. अभिमान मलाही वाटला, उगीच का नाकारा? पण विक्रम एका संध्याकाळी होतो. सभेचे पहिले ध्रुपद उभे करायला दोन वर्षे लागतात, आणि त्या दोन वर्षांची चौकशी कोणी करीत नाही.

ती दोन वर्षे कशी जात, ते सांगतो. माझे वडील दरबारचे गवई. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. घरात गाणे असूनही महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षी मला मागच्या ओळीत तंबोऱ्यावर बसवले आणि तोंड उघडायचे नाही असे बजावले. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी पुढच्या ओळीतली मोठी मुले गात आणि आम्ही ऐकत असू. नोम्-तोम् कोठे थांबवायचे, चौतालाच्या बारा मात्रांत दुगणीचे पाऊल कसे टाकायचे, पखवाज अंगावर आला तरी सम कशी सोडायची नाही, हे कोणी समजावून सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पुढे सरकलो, तेव्हा ते आपोआप गळ्यात होते.

आता परीक्षा, हजेरी आणि नोकरीची घाई यांतून मुलांना पंधरा दिवससुद्धा सलग मिळत नाहीत. गेल्या वर्षी मीही सोपी वाट धरली. आदल्या सभेचे ध्वनिमुद्रण मुलांच्या फोनवर पाठवले आणि 'हे बसवून या' म्हणालो. मुले हुशार, बसवून आली. पण चौगुणीत एका जागी सगळीच अर्धी मात्रा घसरत. दोनदा गाऊन घेतले तेव्हा उमगले: आदल्या वर्षी एक मुलगा तेथे चुकला होता, आणि ती चूक या मुलांनी बंदिशीचा भाग समजून इमानाने पाठ केली होती. दोष यंत्राचा नव्हता, मुलांचा तर नव्हताच. चूक कोणती आणि चीज कोणती हे सांगायला तेथे बसलेला माणूस हवा होता, आणि तो माणूस मी होतो.

आपल्या घरांतून दुसरीच तक्रार ऐकू येते. लष्करातल्या एका वाड्यात चहा घेताना मला विचारले गेले, "अहो मास्तर, त्या मुलांत आपली मुले किती?" प्रश्नातले दुःख मला समजते. वाडे रिकामे होत आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली आहेत. पण 'आपली' म्हणजे कोणाची? हस्सूखाँसाहेबांनी वासुदेवबुवा जोशींना शिकवले, तेव्हा आडनाव पाहिले नाही. वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि हे गाणे महाराष्ट्रात गेले. १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंड्यांच्या मदतीने माधव संगीत विद्यालय काढले, ते गाणे दरबाराच्या उंबऱ्याबाहेर यावे म्हणूनच. आपल्याला ही विद्या मिळाली ती उघड्या दारातून. आता आपली पाळी आली म्हणून दार लोटून कसे चालेल?

तेव्हा करायचे काय? माझ्या मते दोन गोष्टी पुरेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना दसऱ्यापासून मागच्या ओळीत बसवावे, मग ती समारोहात गावोत वा न गावोत. आणि आपल्यापैकी ज्यांनी कधीकाळी ते ध्रुपद गायले आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तालमीला येऊन बसावे. भाषण नको, सत्कार नको. चुकले तर हात वर करावा, एवढेच.

यंदा मी दसऱ्यापासून बसतो आहे. वडिलांची तंबोऱ्याची जोडी माळ्यावरून काढून जव्हारी करून आणली. त्यातला एक तंबोरा मुरारहून येणाऱ्या एका मुलीच्या हाती आहे. तिच्या घरात आजवर कोणी गायलेले नाही, मराठीही तिला येत नाही. पहिल्या दिवशी तिने पंचमाची तार फार जोराने छेडली. मी काही बोललो नाही. पुढच्या ओळीतल्या मुलाने मागे वळून पाहिले आणि तिचा हात हलका झाला.