सत्कारानंतरचा दीड महिना

दरवर्षी जून महिन्यात आपल्या शाळेच्या प्रांगणात गुणगौरव समारंभ होतो. तथागतांच्या मूर्तीस आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार, त्रिसरण-पंचशील, प्रास्ताविक, आणि मग ज्यासाठी सारे जमलेले असतात ती नावे. दहावीत पहिल्या आलेल्या पाच मुलामुलींना सन्मानचिन्ह आणि पुस्तक दिले जाते. कुणाची आई आयुष्यात प्रथमच व्यासपीठाच्या पायऱ्या चढते. पदर सावरावा की हात जोडावेत, हे तिला कळत नाही, आणि समोरच्या मांडवात टाळ्या थांबत नाहीत. आम्ही माजी विद्यार्थी त्या मांडवात मागच्या रांगेत उभे असतो. आमच्यापैकी काहींच्या घरी त्या व्यासपीठावरचे छायाचित्र आजही भिंतीवर आहे. त्यामुळे पुढे जे लिहीत आहोत ते दोष काढण्यासाठी नव्हे. दोष असलाच तर तो आमच्याकडेही येतो, कारण गेली कित्येक वर्षे या समारंभाची यादी आम्हीच करीत आलो आहोत.

आपल्या समाजातील गुणगौरवाची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या उगमाशी जो सत्कार आहे तो आपण सारे जाणतो. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून वस्तीतील मंडळींनी सभा भरवली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेशी जोडतात. स्वतः बाबासाहेबांनी मात्र ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेशी जोडला आहे. परीक्षा कोणती, हा अभ्यासकांचा प्रश्न. आम्हाला त्या प्रस्तावनेतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वडील रामजी सुभेदार या सभेला तयार नव्हते. मुलाने केवळ एक परीक्षा दिली आहे, एवढ्यावरून सत्कार केला तर त्याच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. केळुसकरांनी मध्यस्थी केली, तेव्हा कुठे सभा झाली.

मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा ३८ देखील नव्हेत. त्या काळची गुण देण्याची रीत आजच्यापेक्षा फार कडक होती, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करणे न्यायाचे होणार नाही. तरीही मान्य करावे लागते की, आम्ही आज करतो त्या यादीत २८२ गुणांचा विद्यार्थी बसला नसता. वस्तीतल्या लोकांनी त्या मुलाकडे पाहिले ते किती गुण मिळवले म्हणून नव्हे, तर कोठून निघून तो कोठवर पोहोचला म्हणून. केळुसकरांचे वेगळेपण तर सभेनंतर दिसते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते, आणि सभा संपली म्हणून त्यांची जबाबदारी संपली नाही. इंटरमीजिएटनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोहोचवला तो त्यांनीच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढचा मार्ग खुला झाला. धम्माच्या भाषेत अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात. आपल्या सत्काराच्या परंपरेत पुस्तक राहिले, पुष्पगुच्छ आला, आता सन्मानचिन्हही मोठे झाले. कल्याणमित्राची जागा मात्र बहुतेक वेळा रिकामी राहते.

काही वर्षांपूर्वी दहावीत दुसऱ्या आलेल्या एका मुलीचा सत्कार आम्ही केला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिला परिचारिका व्हायचे होते, आणि हे तिने व्यासपीठावरून सांगितलेही होते. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नव्हती, म्हणून तिने कला शाखेत नाव घातले. बारावीला चांगले गुण मिळवले आणि घरी बसली, कारण विज्ञान नसेल तर नर्सिंग नाही, असे तिला कोणीतरी सांगितले होते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी विज्ञान लागते, हे खरे. परंतु जी.एन.एम. या पदविकेला कला शाखेची विद्यार्थिनीही पात्र ठरू शकते. ही गोष्ट आमच्यापैकी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या दोन भगिनींना पाठ होती. त्या दोघी त्या समारंभाला आल्या होत्या आणि त्या मुलीपासून दहा हातांवर बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, जेवण केले आणि सायंकाळच्या एस.टी.ने परतल्या. तिला माहिती मिळाली तेव्हा मधली दोन वर्षे निघून गेली होती.

अशा वेळी परिस्थितीला बोल लावून मोकळे होता येते. दारिद्र्य आहे, गाव आडवळणाचे आहे, हे सारे खरेच. पण या प्रसंगात कमी पडले ते पैसे नव्हते. कमी पडले ते दहा हातांचे अंतर ओलांडणे.

निकाल लागल्यापासून अकरावीचा प्रवेश निश्चित होईपर्यंतचा काळ साधारण दीड महिन्याचा. सुशिक्षित घरात हा काळ काका, मामा, शेजारचा अभियंता, आईची मैत्रीण यांच्या सल्ल्यांनी इतका गजबजलेला असतो की मुलाला कंटाळा यावा. आपल्या वसतिगृहातला मुलगा मात्र या दीड महिन्यात अगदी एकटा असतो. शाळा त्याची राहिलेली नसते, महाविद्यालय अजून त्याचे झालेले नसते, आणि घरी त्याच्याइतके शिकलेले कोणी नसते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरावा लागतो, फेरीची तारीख पाळावी लागते. हा अर्ज तालुक्याच्या एखाद्या दुकानात भरला जातो आणि दुकानदाराला जी महाविद्यालये ठाऊक, ती पसंतीक्रमात येतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरवणारा माणूस त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलेला असतो. त्या दुकानदाराचा यात काही अपराध नाही. तो निदान उपलब्ध तरी असतो.

दहावीच्या वर्गात आम्ही दरवर्षी जातो आणि पुढे काय व्हायचे, असे विचारतो. अर्धा वर्ग जिल्हाधिकारी व्हायचे म्हणतो. जिल्हाधिकारी दिवसभर काय काम करतात, असा पुढचा प्रश्न विचारला की शांतता पसरते. पूर्वी आम्हाला हसू येई. आता येत नाही. मुले खोटे बोलत नसतात. पाहुण्यांना जे ऐकायला आवडते ते आदराने सांगत असतात. त्यांनी जवळून पाहिलेली माणसे म्हणजे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, तलाठी, पोलीस आणि एस.टी.चे वाहक. जे पाहिलेच नाही त्याची निवड कशी करायची? २०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. तिचा उपयोग होताच. परंतु मुलाचा ओढा कशाकडे आहे हे चाचणी सांगेल. त्या ओढ्याच्या काठाने जाणारी वाट कोणत्या गावाहून सुटते, हे माणसालाच सांगावे लागते.

आणि वाटा पुष्कळ आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्या घराला मुलाने एकोणिसाव्या वर्षी कमावते होणे गरजेचे आहे, त्या घरासाठी ही वाट अकरावी-बारावीपेक्षा सुरक्षित असते. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना निवडून घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतली जाते. त्या प्रबोधिनीची दारे २०२२ पासून मुलींनाही उघडली आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. यातले गुप्त असे काहीच नाही. तरीही ही माहिती आपल्या मुलांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि तोवर अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

आय.टी.आय.चा विषय निघाला की पालकसभेत अस्वस्थता पसरते, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे. एका वडिलांनी आम्हाला सरळ विचारले होते, “पुन्हा हातात हत्यारच द्यायचं होतं, तर पोराला इतकी वर्षं लांब कशाला ठेवलं?” या प्रश्नाला प्रतिष्ठेचा हव्यास म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना कोणते काम करायचे हे जन्मावरून सांगितले गेले, त्यांना हातकामाचे नाव काढताच जुनी जखम आठवणारच. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि पुढे न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचा हाच दोष दाखवला होता. माणसाचा कल आणि त्याची कुवत बाजूला ठेवून आईबापांच्या सामाजिक दर्जावरून त्याचे काम आधीच नेमून दिले जाते, यावर त्यांचा आक्षेप होता. तेव्हा आपल्या मुलाने काय व्हावे हे त्याने स्वतः ठरवणे, ही आपल्यासाठी केवळ पोटापाण्याची बाब नाही. आमचे मत असे की, मुलाच्या हातात यंत्र देण्यात अपमान नाही. त्याला न विचारता देण्यात आहे. आणि न विचारता वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीला बसवणे हेही त्याच जातीचे आहे, भले त्यामागे माया असो. त्या वडिलांचा मुलगा वीजतंत्री झाला. तो स्वतःच्या इच्छेने झाला की दुसरे काही सुचले नाही म्हणून झाला, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही.

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग. विहारात आपण ते मुलांकडून पाठ करून घेतो. कोणाला इजा न करता, कोणाला न फसवता मिळवलेली उपजीविका असा त्याचा सरळ अर्थ. त्यात पगाराची श्रेणी नाही. मग आपल्या व्यासपीठावर ती का असावी? दहावीला एकदा अनुत्तीर्ण होऊन, वीटभट्टीवर काम करीत जुलैच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेला मुलगा आमच्या यादीत कधी आला नाही. वसतिगृहात पाचवीच्या आजारी मुलांची रात्र-रात्र देखभाल करणारी मुलगी आली नाही. त्यांचा सत्कार दयेपोटी करावा, असे आम्ही म्हणत नाही. कोठून निघून कोठवर आला, हे माप लावले तर तो त्यांचा हक्क ठरतो. पहिल्या पाचांच्या टाळ्या त्यामुळे कमी होणार नाहीत.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, ती रूक्ष आहे पण तिच्यापायी प्रवेश गेलेले आम्ही पाहिले आहेत. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. इतरांच्या घरी आजोबांच्या शाळेचा दाखला असतो. आपल्याकडे तो नसतो, कारण आजोबांना शाळेत जाताच आले नाही. मग तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते, महसुली नोंदी शोधाव्या लागतात, नावातला एखादा काना जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागते. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. नववीतच एक साधी फाइल उघडावी आणि त्यात एकेक कागद जमवत जावे. गुणगौरवात सन्मानचिन्हाऐवजी अशी फाइल भेट द्यावी, असे आमच्यातील एकाने सुचवले तेव्हा बैठकीत सारे हसले. तो हसला नाही. त्याच्या धाकट्या बहिणीचा प्रवेश याच कारणाने हुकला होता.

यंदाच्या यादीत टक्क्यांच्या शेजारी आम्ही आणखी एक रकाना आखला आहे: पुढे प्रवेश कोठे घेतला, आणि आपल्यापैकी कोण त्याच्या संपर्कात आहे. या वर्षीची नावे भरण्याआधी मागील वर्षीच्या यादीवरून तो भरून पाहिला. उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलांपैकी चार नावांपुढे तो रिकामा आहे. दूरध्वनी लागत नाहीत. दोघांची कुटुंबे कामासाठी गाव सोडून गेल्याचे शेजाऱ्यांकडून कळले. पावसाळ्यापूर्वी या चारही घरी जाऊन यायचे ठरले आहे. रस्ते कच्चे आहेत. ज्या माजी विद्यार्थ्याकडे जीप असेल आणि एक रविवार देता येईल, त्याने शाळेच्या कार्यालयात कळवावे.