डॉक्टरकी सोडलेला मुलगा

आपल्या घरात मुलगा डॉक्टर झाला की अम्मी-अब्बांना वाटते, आता काळजी मिटली. तोच मुलगा उद्या म्हणाला, "दवाखाना सोडतो, पुन्हा शिकायला जातो," तर? घरात काय होईल ते आम्ही सांगायला नको.

तुर्कस्तानच्या मार्दिन प्रांतात सावूर हे छोटे गाव. तेथे १९४६ साली अझीझ संजार जन्मले, आठ भावंडांतले सातवे. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास. अझीझना फुटबॉलचे वेड, तेही गोलरक्षकाचे. आपली उंची पुरणार नाही असे वाटून त्यांनी तो नाद सोडला आणि १९६९ मध्ये इस्तंबूलहून डॉक्टर होऊन बाहेर पडले. काही काळ गावाकडे रुग्ण तपासले. मन मात्र एका कोड्यात अडकले होते. अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले जिवाणू निळ्या प्रकाशात पुन्हा तगतात, ते कसे?

उत्तर शोधायला ते अमेरिकेत डॅलसला गेले. ही दुरुस्ती करणारे जनुक त्यांनी १९७६ मध्ये वेगळे काढले. पुढच्या वर्षी डॉक्टरेट मिळाली. आता दारे उघडतील असे कोणालाही वाटेल. तीन प्रयोगशाळांकडे अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. शेवटी येल विद्यापीठात साधा तंत्रज्ञ म्हणून ते रुजू झाले. एमबीबीएसच्या वरची पदवी हातात आणि काम तंत्रज्ञाचे! आपल्याकडे असते तर नातेवाइकांनी फोन करकरून जीव नकोसा केला असता.

पण त्याच टेबलावर मोठे काम झाले. डीएनएची बिघडलेली जागा पेशी दोन्ही बाजूंनी कापते, तुकडा उचलते आणि रिकामी जागा नव्याने भरते, हे त्यातून पुढे उलगडले. काही मुलांत जन्मतःच ही कात्री चालत नाही. त्यांना उन्हात खेळायला सोडणेही धोक्याचे असते. या कामासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल संजार यांना दोघा शास्त्रज्ञांसोबत मिळाले.

डॅलसला असतानाच ग्वेन बोल्स भेटल्या. त्याही त्याच विषयातल्या. १९७८ मध्ये लग्न झाले. पुढे दोघे चॅपेल हिल येथे स्थायिक झाले. तेथे या जोडप्याने तुर्की विद्यार्थी आणि संशोधकांसाठी एक घर उभारले आहे. नवखा मुलगा परमुलखात उतरला की त्याला पाठ टेकायला जागा मिळते आणि आपल्या भाषेत बोलायला माणूसही.