डोक्याला शॉट, हाताला शॉक

मंडळी, आमच्या धंद्यातला एक जुना जोक आहे. बल्ब बदलायला किती प्रोग्रामर लागतात? एकही नाही, कारण तो हार्डवेअरचा प्रॉब्लेम! ऑफिसात यावर आपण खो खो हसतो. पण रविवारी सकाळी शेजारचे काका प्रिंटर काखोटीला मारून दारात उभे राहतात तेव्हा? "तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना गं? बघ जरा याला काय झालंय." आता काकांना कसं सांगणार, की मी दिवसभर जावा लिहिते आणि प्रिंटरच्या पोटात काय असतं हे मला तुमच्याइतकंच माहितीय? नाही सांगत. प्रिंटर बंद करायचा, दहा सेकंद गंभीर चेहरा करायचा, चालू करायचा. बऱ्याचदा तो चालतो. इज्जत वाचते, वर काकूंकडून पोहे मिळतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र माझी इज्जत वाचली नाही.

झालं असं, की माझी कंपनी पुण्यात आणि मी इकडे गारखेड्यात, आईबरोबर. काम घरून. त्यासाठी मस्त डेस्कटॉप असेंबल करून घेतलेला, मोठा स्क्रीन, लोखंडी कॅबिनेट, एकदम सही सेटअप. दिवाळीनंतर त्याला झटके यायला लागले. सकाळी साडेआठचा कॉल सुरू झाला की कीबोर्ड, माऊस, बॅकअपची हार्ड डिस्क सगळं दोन सेकंद गायब. 'टुंग-डुंग' आवाज, मग परत हजर. मॅनेजर विचारतोय "यू देअर?" आणि मी मेलेल्या माऊसनं म्यूटचं बटण शोधतेय. एकदा बॅकअप चालू असतानाच डिस्क गेली आणि अर्ध्या फायली करप्ट. पंधरा दिवसांवर क्लायंटचा डेमो. डोक्याला फुल शॉट!

अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मी केलं. जुन्या कंपनीतल्या टीमचा ग्रुप आहे, चाळीसेक जण, बंगळूर, हिंजवडी, जर्मनी, कुठे कुठे पांगलेले. तिथे टाकलं, "यूएसबी सारखं डिस्कनेक्ट होतंय. मदरबोर्ड गेला वाटतं. कुठला घेऊ?"

दहा मिनिटांत वीसेक उत्तरं. प्रेमळ लोक आहेत हो! बंगळूरचा म्हणाला, मदरबोर्ड नाही, रॅम. हिंजवडीचा म्हणाला, एसएमपीएस जुना झालाय, फेकून दे, साडेपाचशे वॉटचा घे. जर्मनीवाल्यानं बायोस अपडेट करायची लिंक पाठवली. एकानं लिनक्स टाकायला सांगितलं (हा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला डायबिटीसवर उपाय विचारला तरी तो लिनक्सच सांगेल). मी एआयलाही विचारलं. त्यानं शिस्तीत अकरा कारणं दिली, बुलेट पॉइंट वगैरे. खरं कारण त्यात नवव्या नंबरला होतं, पण माझी दमछाक चौथ्यालाच झाली होती.

मग काय, रॅम आणली. एसएमपीएस आणला. साताठ हजारांना चाट. तीन दिवस बरं चाललं असं मला वाटलं. चौथ्या दिवशी, कॉलवर, टुंग-डुंग.

आता जरा थांबून माझा प्रश्न परत वाचा. "मदरबोर्ड गेला वाटतं. कुठला घेऊ?" म्हणजे रोगही मीच ठरवला, औषधही मीच ठरवलं, बाकीच्यांना फक्त दुकान विचारलं. प्रोग्रामर लोकांची ही जुनी खोड आहे. एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघांनी २००१ मध्ये, तज्ज्ञांना प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक लेख लिहिला होता. नव्या पोरांना त्याची लिंक फेकून मारायची तेव्हा पद्धत होती. त्यात एक गोष्ट ठासून सांगितलीय: लक्षणं सांगा, तीही घडली त्या क्रमानं, तुमचे अंदाज सांगू नका. थोडक्यात, ताप किती आहे ते सांगा, टायफॉइड झालाय हे डॉक्टरला ठरवू द्या. मी हा लेख ज्युनिअर्सना स्वतः पाठवलाय. स्वतःच्या वेळी विसरले.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, आमची जमात हार्डवेअरच्या प्रश्नाला घरात घेतच नाही. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्कीनं २००८ मध्ये 'स्टॅक ओव्हरफ्लो' काढलं ते प्रोग्रामिंगसाठी. लोक तिथे रॅम आणि ग्राफिक्स कार्डचे प्रश्न घेऊन जायचे आणि हाकलले जायचे. शेवटी २००९ मध्ये अशा प्रश्नांसाठी 'सुपर युजर' नावाचं वेगळं घर बांधावं लागलं. तिथेही "कुठला घेऊ" हा प्रश्न चालत नाही! मला तेव्हा हा नियम उगाच खडूस वाटायचा. सात हजार घालवल्यावर पटला.

असो. तर ग्रुपवर सगळे उत्तरं देत असताना एक जण गप्प होता. आमचा जुना टेस्टर, बीडकडचा. तुम्हाला माहितीय, कंपनीत टेस्टरला डेव्हलपर लोक किती भाव देतात ते. पण हा गडी कॉम्प्युटरकडे वळण्याआधी आयटीआयला वायरमनचा ट्रेड करून आलेला. त्यानं रात्री वेगळा मेसेज टाकला. उत्तर नाही, प्रश्न. नेमकं किती वाजता होतं? रविवारी होतं का? त्या वेळी घरात अजून काय चालू असतं? लिहून ठेव, पाच दिवस.

मी वैतागले, पण लिहिलं. ८.३२. ८.४१. ८.२७. ८.३५. आणि रविवारी, सकाळी दहा.

त्याचा रिप्लाय: "तुझ्या मशीनला रविवार कुठून कळतो गं? हे मशीन नाही, माणूस आहे. सकाळी कुणीतरी काहीतरी चालू करतंय. कॅबिनेटला हात लावल्यावर काही जाणवतं?"

म्हटलं, नाही. माझ्या पायात चपला असतात, आणि मी कॅबिनेटला कशाला हात लावतेय?

"मग कोण लावतं?"

आई. रोज सकाळी ओल्या फडक्यानं टेबल पुसते, कॅबिनेटसकट. तिला स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं. ती म्हणाली, "मुंग्या येतात की त्या डब्याला हात लावला की. दिवाळीपासून सांगतेय तुला. तू म्हणालीस, स्टॅटिक असतं ते."

बरोबर. मी म्हणाले होते. मान वर न करता.

हे मी त्याला टाइप करून पाठवलं तसा त्याचा थेट फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. "आधी बटण बंद कर. प्लग काढ. आईंना अनवाणी पायांनी फ्रिजला, वॉशिंग मशीनला, लोखंडी कशालाच हात लावू देऊ नको. सकाळी वायरमनला बोलाव. अर्थिंग गेलंय."

माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य काय असेल? 'पण अर्थिंग तर असतंच ना?' लाज वाटते, पण हेच.

तर फंडा असा आहे. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला कचरा जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. प्लगची तिसरी पिन, ती जाड आणि लांब असते ना, ती त्यासाठीच. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. आता अर्थिंगच नसेल तर कचरा जाणार कुठे? कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट नुसते तरंगत राहतात. त्यातला करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून नुसत्या मुंग्या. हे इथवर असतं तर त्रासदायक पण निभावण्यासारखं. आमच्याकडे त्याहून वाईट निघालं.

वायरमनकाका सकाळी सव्वाआठलाच आले. आधी टेस्टर लावला, दिवा मिणमिणला. (टेस्टरनं सांगितल्यावर टेस्टरनं दाखवलं, हा विनोद मी ग्रुपवर दोनदा केला, दोन्ही वेळा कुणी हसलं नाही.) मग मीटर. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसायला नको, तिथे शंभरच्या आसपास आकडा. आम्ही बघत बसलो. साडेआठला आकडा उडी मारून दीडशेच्या पुढे गेला. काकांनी वर बघितलं आणि विचारलं, "वरच्या मजल्यावर गीझर आहे का हो?"

होता. वरच्या घरातले साडेआठला आंघोळ करायचे, रविवारी दहाला. त्यांच्या गीझरचं कॉइल लीक होतं. गळणारी वीज अर्थिंगच्या वायरनं खाली जमिनीत जायला हवी. पण बिल्डिंगची अर्थिंगची पट्टी तळाशी तुटलेली, त्यामुळे ती सगळ्या मजल्यांच्या तिसऱ्या पिनमध्ये पसरत होती. माझं कॅबिनेट, आईचा फ्रिज, खालच्यांचं वॉशिंग मशीन. कपॅसिटरमधून येणाऱ्या करंटला तरी मर्यादा असते. गीझरमधून येणाऱ्याला तशी काही नसते. ओलं फडकं, अनवाणी पाय, फरशी... मी पुढचा विचार करायचं टाळलं.

पट्टी तुटली कशी? दिवाळीच्या आधी सोसायटीनं पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले. खड्ड्यावरचं झाकण मध्ये येत होतं, कुणीतरी ते उचललं, पट्टी वाकवली, ती गंजलेली होती, तुटली, वर ब्लॉक बसले. पार्किंग मात्र चकाचक दिसतं.

एक सांगू? ग्रुपवरच्या मित्रांना मी दोष देत नाही. जर्मनीत बसलेल्याला भिंतीतल्या सॉकेटवर शंका घ्यायची वेळच येत नाही. तो कॅबिनेटच्या आत शोधणार, कारण त्याच्या घरी कॅबिनेटच्या बाहेरचं सगळं ठीक असतं. आपल्याकडे मात्र तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून मोकळे होणारे आपणच. आणि ही माहिती असणारी माणसं शहरात नाहीत असंही नाही. विद्यापीठाच्या आवारातली नाइलिट वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेय, गल्लोगल्ली वायरमन आहेत. पण मी बंगळूरला विचारलं, जर्मनीला विचारलं. घरात विचारायला मात्र दोन महिने लागले.

पुढचं पटपट सांगते. वरच्यांनी गीझर बदलला आणि दोनदा सॉरी म्हणाले. पेव्हर ब्लॉक उचकटून नवा खड्डा झाला, मीठ-कोळसा भरून नवी पट्टी. प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा ब्रेकर बसवायचं ठरलं. त्यावर मात्र मीटिंगमध्ये दीड तास चर्चा झाली, कारण पैसे. मी आईला उभं केलं आणि तिला मुंग्यांचं सांगायला लावलं. ठराव पास.

माझा डेस्कटॉप? त्या दिवसापासून एकदाही टुंग-डुंग नाही. डेमो झाला. जुना एसएमपीएस अर्थातच ठणठणीत होता, तो आता कपाटात आहे, कुणाला हवाय का?

मीटिंगच्या शेवटी वायरमनकाकांनी अजून एक गोष्ट सांगितली आणि सगळे गप्पच झाले. अर्थिंग चालतं ते जमिनीतल्या ओलाव्यावर. आपल्याकडे खाली मुरूम आणि काळा पाषाण, एप्रिल-मे आला की सगळं कोरडंठाक. तेव्हा उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. ज्या संभाजीनगरनं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं बघितलंय, तिथे जमिनीला पाणी पाजायचं! सेक्रेटरी म्हणाले, टँकरचं पाणी परवडणार नाही. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्या दारासमोर चिखल नको. पंधरा मिनिटं असंच चाललं.

शेवटी आई म्हणाली, "मी ओतेन की. भाजी धुतलेलं पाणी चालतं का हो त्याला?"

काका म्हणाले, "पळतं, वहिनी."