मुक्या वेदनेची साक्ष

‘तपासणीत काही निघाले नाही, सारे मनाचे खेळ!’ असे म्हणून वर्षानुवर्षे अंगदुखीने पिचलेल्या माणसाला आपण खोटे ठरवितो. हा न्याय नव्हे. स्वतःच्या भावना ओळखता व सांगता न येण्याच्या स्थितीला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७३ साली ‘अलेक्सिथायमिया’ म्हटले. जुनाट वेदनेच्या रुग्णांत ती अधिक आढळते. परंतु भावनेला शब्द नाहीत म्हणून वेदनाही खरी नाही, हे अनुमान कोठले? मुक्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य धरली. २०२३ च्या कायद्यानेही ती कायम राखली. न सांगता देव सारे जाणतो, असे मानून देवळात हात जोडणारे आपण घरातल्या दुखणाइताकडे मात्र पुरावा मागतो! आधी त्याचे दुखणे खरे माना. शब्द शोधण्यास मागाहून साहाय्य करा.