रुग्णसेवेचीं अनेक दारें

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न कानीं पडतो: "मुलगा डॉक्टर होणार ना?" गुण कमी पडले कीं रुग्णसेवेचा विचार तेथेंच संपतो, आणि मुलीनें परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर पुष्कळ पालकांच्या कपाळीं आठ्या पडतात. डॉक्टरांच्या विद्येविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. परंतु लोकांचें आरोग्य केवळ त्यांच्याच हातीं असतें, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आणि आपल्याच महाराष्ट्रांत झालेलें एक संशोधन आमच्या म्हणण्यास पुष्टि देतें.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था स्थापिली. तेथील खेड्यांत १९९३ ते १९९५ या काळांत काळजीपूर्वक नोंद केली, तेव्हां दर हजार नवजात बालकांपैकीं ६२ बालकें पहिल्या २८ दिवसांतच दगावत असल्याचें आढळलें. रुग्णालय दूर, आणि प्रसूति बहुधा घरींच. तेव्हां विद्येनेंच बालकाच्या घरीं जावें, असें या दांपत्यानें ठरविलें. गांवांतल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांस त्यांनीं बालकाचें वजन करणें, त्यास ऊब देणें, मिनिटास श्वास किती हें मोजणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखणें आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचें इंजेक्शन देणें शिकविलें. ३९ गांवांत ही योजना चालली. दुसऱ्या ४७ गांवांशीं तिची तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षीं त्या ३९ गांवांत हजारीं ६२ हें प्रमाण सुमारें २५ वर आलें. तुलनेच्या गांवांत तशी घट झाली नाहीं. १९९९ सालीं हें संशोधन 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आणि २०११ सालीं भारत सरकारनें घरीं जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचें काम देशभरच्या 'आशा' सेविकांकडे सोपविलें.

यावरून कोणींही उठून सुई टोंचावी, असा अर्थ कोणीं काढूं नये. या स्त्रियांस कसून शिक्षण मिळालें होतें, त्यांच्या कामावर देखरेख होती, आणि प्रत्येक बालकाची नोंद होत होती. मोजणें, लिहिणें, नियम पाळणें व वेळेवर हजर असणें याच गुणांनीं तीं बालकें वांचलीं. आणि हे गुण शाळेच्या बांकावरच अंगीं बाणतात.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, डॉक्टरकीचें दार उघडलें नाहीं तर निराश होऊं नका. परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, प्रयोगशाळेंतील तपासणी, भौतिकोपचार हीं सर्व त्याच मंदिराचीं दारें आहेत. पालकांस विनंति एवढीच: रात्रपाळी करून येणाऱ्या परिचारिकेस आपण आजारीपणीं 'सिस्टर' म्हणून हांक मारतों, मग आपल्या मुलीनें तोच मार्ग धरला, तर त्यांत कमीपणा कसला? ज्या समाजास सेवा हवी, परंतु सेविकेस मान व योग्य वेतन देणें जड वाटतें, त्यास आजारीपणीं उशाशीं बसणारें माणूस कोठून मिळणार?